चाऱ्याचं पोट, गाभाचं पोट

माणूस भेटला की लोक तोंड बघतात. आमचा साहेब हात बघायचा. तळहात पुढे करायला लावायचा, अंगठ्यानं दाबायचा आणि म्हणायचा, "चालतील," किंवा, "हे चालणार नाहीत." मला "चालणार नाहीत" म्हणाला. तरी कामावर घेतलं, कारण त्या दिवशी आलेल्या आम्हा चौघींपैकी एकीचेही हात चालण्यासारखे नव्हते. दुष्काळी कामावर दोन वर्षं खडी फोडलेल्या बायांचे हात कसे असणार?

आमच्या गावाजवळचा तलाव त्या दुष्काळी कामातूनच झाला. शेलूबाजारहून मंगरूळकडे जाताना उजव्या हाताला लागतो. दगड आम्ही फोडले, माती आम्ही वाहिली. पाणी भरल्यावर सरकारनं काठावर टिनाचं शेड उभं केलं, मासे ठेवायला पाण्याचे खड्डे खणले आणि हा माणूस पाठवला. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात होतो. त्याला तोंडावर सगळे साहेब म्हणत आणि पाठीमागे येडा साहेब. मीही म्हणत असे. नंतर सोडलं.

तो समुद्राकडचा होता. आमची बोली त्याला नीट कळत नसे, पण विचारायची लाज नव्हती. गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, वर पांढरा सदरा. घड्याळ मनगटावर नाही, दंडावर बांधायचा, म्हणजे हात पाण्यात गेला तरी भिजू नये. छत्री होती, पण ती त्यानं स्वतःवर कधी धरली नाही. मासा एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात न्यायचा असला की ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचा आणि छत्री माशावर धरायचा. स्वतः उन्हात. आम्हा मजुरीच्या बायांना अहो-जाहो करायचा आणि माशांना अगं-तुगं. दुसरे साहेब लोक आमच्याशी जसं बोलायचे तसं हा माशांशी बोलायचा. मी पहिल्या दिवशी जयभीम म्हटलं, तर यानं मान वर करून जयभीम म्हटलं आणि परत पाण्यात बघायला लागला.

पाणी चाखायचा. सकाळी आल्यावर आधी ओंजळभर तलावाचं पाणी तोंडात घेऊन चूळ टाकायचा. मग काचेची ताप मोजायची नळी पाण्यात बुडवायचा आणि म्हणायचा, "आज पाण्याला ताप आहे. आज काही नाही."

त्याचं काम काय, ते आधी सांगते. रोहू, कटला, मृगळ हे मासे तलावात वाढतात, पण तलावात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांची पिलं तिकडून कलकत्त्याहून रेल्वेनं डब्यात भरून यायची. वाशीमच्या स्टेशनवर डबा उघडला की निम्मी मेलेली. याला ती पिलं इथंच करायची होती. मेलेल्या माशाच्या डोक्यातून मोहरीएवढी गाठ काढायची, ती खलात घोटायची, पाण्यात कालवायची आणि जिवंत माशाला सुईनं टोचायची. मग त्याला उभ्या पाण्यातही पूर आल्यासारखं वाटतं आणि मादी अंडी सोडते. त्या गाठी त्याच्याकडे काळ्या बाटलीत दारूसारख्या वासाच्या पाण्यात घालून ठेवलेल्या असत. ती बाटली तो उशाशी घेऊन झोपायचा.

आम्हाला मासे पुरवणारा एक म्हातारा भोई होता. त्याचं सगळं आयुष्य अडाण नदीत गेलेलं. तो ऐकून घ्यायचा आणि थुंकायचा. "मासोईले सुई टोचून लेकरं होत असते काय, साहेब? मंग माह्या सुनेले बी टोचा. पाच वर्स झाले."

साहेबाला राग येत नसे. तो म्हणायचा, "सुनेला आणा, पण आधी मुलाला आणा. नर तपासल्याशिवाय मी मादीला हात लावत नाही."

म्हातारा आठ दिवस तलावाकडे फिरकला नाही.

नर-मादी ओळखणं हीच त्याची सगळी पूजा होती. शेडमध्ये टेबलावर लोणच्याची बरणी होती, तिच्यात डास खाणारे बारके मासे. त्यातला नर नखाएवढा, शेपटीला लाल-निळे ठिपके. मादी दुप्पट मोठी, मातकट, बिनरंगाची. ती अंडी घालत नाही, चालती-बोलती पिलंच टाकते. आमच्यातली शेवंता ते बघून म्हणाली, "नवरा पाहा कसा नटून फिरून राह्यला अन् बायकोचं लुगडं पाहा." साहेबानं ते वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं विचारलं तर म्हणाला, "बरोबर ओळखलंत, ते लिहिलं." मरळ माशाचं सांगायचा, की नवरा-बायको दोघं मिळून पिलं राखतात, जवळ हात नेला तर चावतात. शेवंतानं घरी जाऊन ते नवऱ्याला ऐकवलं. नवरा म्हणाला, मंग मरळीच्या घरी जाय.

रोहूचं तसं नाही. रोहूचा नर आणि मादी दिसायला सारखेच. रंग सारखा, तोंड सारखं. फक्त पावसाळा जवळ आला की नराच्या गळ्याजवळच्या पंखाला आतून खर येते, मांजराच्या जिभेसारखी. मादीचा पंख गुळगुळीत राहतो. नराच्या पोटावरून हलका हात फिरवला तर दुधासारखा थेंब येतो. मादीचं पोट गोल, मऊ होतं आणि अंडी सोडायचं खालचं तोंड सुजून गुलाबी होतं. हे सगळं त्यानं आम्हाला कंबरभर पाण्यात उभं करून शिकवलं. "नर आहे म्हणू नका, दूध दाखवा," हे दिवसातून वीस वेळा.

माझी अडचण अशी झाली, की मला सगळे पंख गुळगुळीतच लागायचे. हाताला घट्टे होते. मी एकेक मासा धरून मादी, मादी, मादी सांगत गेले आणि तो मागून दूध काढून दाखवत आला. अकरा माशांत मी नऊ चुकले. तो म्हणाला, "म्हणून मी हात बघतो." मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी मासा उचलला आणि त्याचा पंख गालावर घासला. गालाला घट्टे नसतात. खर लगेच कळली. त्या दिवसापासून एक चुकला नाही.

पण काठावरून जाणाऱ्यांना काय दिसणार? बाई मासे तोंडाशी धरून उभी आहे. मासोयांचे मुके घेते म्हणून गावात माझं हसं झालं. माझा नवरा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला.

आता केळवणाची गोष्ट. ती लपवून ठेवण्यासारखी आहे, पण मी सांगते.

पहिल्या पावसाळ्याची ती पहिली खेप. त्यानं चांगल्या माद्या आणि नर निवडून दोन वेगळ्या खड्ड्यांत ठेवले आणि दोन दिवस दाणापाणी बंद केलं. आम्हाला म्हणाला, परवा लग्न आहे, कोणी काही टाकू नका. तो सुई टोचायच्या दिवसाला लग्नच म्हणायचा. एका मादीला दोन नर लावायचा, त्यावरून गावात चर्चा झालीच होती. पण उपाशी ठेवणं आम्हाला पटलं नाही. शेवंता म्हणाली, "लग्नाच्या आधी नवरीले कोनी उपाशी ठेवते का वो? आपल्यात केळवण करते." मी म्हटलं, करते. मग आम्ही चौघींनी सरकीची ढेप भिजवली, ज्वारीच्या भाकरी चुरल्या, शेवंतानं त्यात गूळ घातला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी साहेब शेलूबाजारला गेला होता तेव्हा दोन्ही खड्ड्यांत टाकलं. मासे तुटून पडले. आम्ही हसलो. चांगलं काम केलं असं वाटलं.

सकाळी साहेब पाण्यात उतरला आणि एकेक मादी उचलून बघायला लागला. सगळ्यांची पोटं टरारलेली. तो इतका खूश झाला की त्यानं आठ माद्या निवडल्या, खरं तर चारच घेणार होता. पाण्यात चार बांबू रोवून मच्छरदाणीसारखे कापडी हौद बांधले होते. त्याला तो हापा म्हणायचा. त्यात सोडल्या, सुया टोचल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताना बघितलं तर अंड्याचा एक दाणा नाही. पाण्याला आंबट वास. तीन माद्या उलट्या तरंगत होत्या.

त्याच्या हातून बाटलीतल्या निम्म्याहून जास्त गाठी गेल्या होत्या. उरलेल्याही त्या पावसाळ्यात, त्याच दमलेल्या माद्यांवर, अशाच गेल्या. तो कारण शोधत राहिला. पाणी चाखलं, माती चाखली, सुई बदलली. आम्ही चौघी गप्प बसलो. कामावरून काढून टाकेल ही भीती होती. दुसरं काही नाही.

वर्ष गेलं. उन्हाळ्यात वरून कागद आला. या पावसाळ्यात पिलं निघाली नाहीत तर शेड बंद, साहेबाची बदली, बाया परत खडीवर. खडीवर म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. आमच्याच वस्तीतल्या एका पोरीचा डोळा कपचा उडून गेला होता. मला दोन लेकरं होती आणि मला माझे डोळे पाहिजे होते.

तेव्हाही मी बोलले नसते. पण एके दिवशी साहेब भोयाला म्हणाला, की या वर्षी तुमच्याकडून मासे घेणार नाही, तुम्ही दिलेल्या माद्याच वांझ होत्या.  म्हाताऱ्यानं जाळं खांद्यावर टाकलं आणि बांधावरून चालायला लागला. नेहमी तो उलटून बोलायचा, त्या दिवशी बोलला नाही. ते मला बघवलं नाही. मी शेडमध्ये गेले.

"साहेब, त्याच्या मासोया वांझ नव्हत्या. आमी त्याईले आदल्या दिवशी जेवू घातलं होतं."

"काय घातलं?"

"ढेप. भाकर. गूळ."

"का?"

"केळवण होतं," मी म्हटलं.

 त्यानं वही उघडली. किती शेर ढेप, किती भाकरी, किती वाजता, सगळं विचारून लिहिलं. गूळ कोणाचा, तेही विचारलं. मला वाटलं आता हिशेब चुकता करून घरी पाठवेल. वही मिटून तो म्हणाला, "केळवणाला मला का नाही बोलावलं?" आणि उठून, अनवाणीच, म्हाताऱ्याच्या मागे बांधावरून पळत गेला. लांबून दिसलं, दोघं उभे आहेत. हा हात हलवून बोलतो आहे, तो नुसता उभा. शेवटी म्हातारा वळला.

साहेब परत आल्यावर मी त्याला आणखी एक सांगितलं. शेळीचं पोट फुगतं ते दोन कारणांनी. चाऱ्यानं फुगतं आणि गाभानं फुगतं. चाऱ्याचं पोट डावीकडे वर येतं, सकाळी असतं तर संध्याकाळी नसतं. गाभाचं पोट उजवीकडे खाली उतरतं आणि राहतं. हात लावला की कळतं. माशातही काही तरी तसं असणार. तो म्हणाला, मासा म्हणजे शेळी नाही. मी म्हटलं बरं.

पण मी बघत राहिले. उपाशी मादी, खाल्लेली मादी, रोज दोन-चार हातात घेऊन. हाताला घट्टे, म्हणून कोपराच्या आतल्या बाजूनं, जिथं कातडी मऊ असते तिथं पोट टेकवून बघायची. खाल्लेल्या मादीचं पोट गळ्याखाली, पुढच्या बाजूला जास्त फुगतं आणि मागे उतरतं. भरलेल्या मादीचं पोट पुढून मागपर्यंत सारखं मऊ असतं, खालच्या तोंडापर्यंत. हे कोणी सांगितलं नाही. हातात आलं.

त्या वर्षी पाऊस लांबला. पाण्याला ताप. उन्हाळ्यात मेलेल्या माशांतून जमवलेल्या नव्या गाठींवर दोन खेपा केल्या, त्या उन्हानं वाया गेल्या, अंडी आली पण सगळी पांढरी. मेलेलं अंडं पांढरं होतं, जिवंत अंडं काचेसारखं दिसतं. काळ्या बाटलीत एका मादीपुरत्या आणि दोन नरांपुरत्या गाठी उरल्या. मग एके दिवशी दुपारनंतर आभाळ भरलं, वारा सुटला, नाल्याचं नवं पाणी तलावात शिरलं. साहेबानं नळी पाण्यात घातली आणि म्हणाला, आज.

त्याची एक मादी ठरलेली होती. पाच शेराची, पाठ काळीभोर. तिला तो वर्षभर नाल्याकडच्या खड्ड्यात राखत होता. भोयानं ती जाळ्यात घेतली, साहेबानं पोटाखाली हात घातला आणि डोळे मिटले. पोट एवढं गोल की त्याच्या हातात मावेना. म्हातारा बघून म्हणाला, हिच्याहून चांगली नदीत सुदिक नाही. दोन शहाणे एकमताचे झाले.

मी म्हटलं, "साहेब, मले पाहू द्या."

मी कोपराच्या आतून पोट टेकवलं. पुढे टणक, मागे सैल. मी म्हटलं, "थे नोको. थे भरली नाही, खाल्लेली आहे. नव्या पाण्यात गांडूळं आले, थे खाल्ले तिनं." आणि खड्ड्यातली एक लहान मादी दाखवली, दोन शेराची, दिसायला काहीच नाही. "हे घ्या."

त्याला राग आलेला मी तेव्हाच बघितला. आवाज चढला नाही, बारीक झाला. "बाई, मी सात वर्षं हे शिकलोय. तुम्ही किती शिकलात?"

"चवथी."

"मग?"

"मंग काय? शेळ्या मी पंधरा वर्स पाह्यल्या. अन् खडीवर मले जावं लागते, तुमाले नाही."

म्हातारा भोई पाण्यात उभा होता. तो म्हणाला, "बाई, गप बस. साहेब आहे थे."

 थेंब पडायला लागले होते. साहेब बाटलीकडे बघत होता, त्या मादीकडे नाही. मग त्यानं मोठी मादी माझ्या हातातून घेतली आणि हळूच दुसऱ्या खड्ड्यात सोडली. "लहान आणा," म्हणाला. मी नर निवडले, गालानं. त्यानं दूध काढून तपासले, दोन्ही बरोबर. संध्याकाळी पहिली सुई, सहा तासांनी दुसरी. रात्रभर पाऊस होता. मी घरी जाऊन झोपले. जागून काय होणार होतं?

उजाडताना गेले तर शेवंता आणि भोई हाप्याच्या काठाला वाकलेले. साहेब छातीपर्यंत पाण्यात. हापा तळापासून भरला होता. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी, एकमेकांना न चिकटणारी, आणि सगळी काचेसारखी. मधे एखादंच पांढरं. त्यानं एक ओंजळ वर उचलून आभाळाकडे धरली. दाण्यादाण्यात बारीक ठिपका. म्हाताऱ्यानं पागोटं काढून काखेत घेतलं. शेवंता रडायला लागली. तिचं रडणं लवकर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यातून केसासारखी पिलं वळवळायला लागली. शेड बंद होणार नाही हे आम्हाला तिथंच कळलं.

पण त्या पहिल्या सकाळी, अंडी हातातून खाली सोडल्यावर, तो पाण्याबाहेर आला आणि मला म्हणाला, "ती मोठी आणा. आणि विळा आणा."

तो आमच्या तलावातला मासा कधी खात नसे. शेलूबाजारला विकत घेऊन खायचा. ज्यांची लग्नं लावली त्यांना ताटात कसं घ्यायचं, म्हणायचा. मी म्हटलं, कायले कापता साहेब, झालं ना काम. तो म्हणाला, "काम तुमचं झालं. माझं नाही झालं. कापा."

मी कापली. पोट चिरल्यावर आधी चिखल आला, मग गांडूळं, वीतभर लांब, अजून न विरलेली. मग चरबी. गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, शोधावी लागली. पाठीच्या कण्याला चिकटून सुतळीसारखे दोन धागे होते, बस. पाच शेराच्या माशात सुतळीएवढी.

तो उकिडवा बसला. ते धागे बोटावर घेतले, उजेडात धरले, अंगठ्यानं दाबून बघितले. भोई येऊन मागे उभा राहिला, त्यानंही बघितलं.  पाऊस थांबला होता आणि टिनावरून पाणी गळत होतं. मग साहेबानं हात धुतले आणि दंडावरच्या घड्याळाची पट्टी सैल केली, उगाच.

"पुढच्या पावसाळ्यात पोट तुम्ही बघायचं," तो म्हणाला. "सुई मी धरीन."

मी म्हटलं, "बरं," आणि मासा भोयाच्या घरी द्यायला फडक्यात बांधला.